आजीला विचारून या

पबमधली पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला एकही गाणं आठवत नव्हतं.

गाणी येत नाहीत असं नाही हं! ऑफिसच्या अंताक्षरीत आमची टीम दरवर्षी जिंकते ती माझ्याच जिवावर. पण इथला माहोलच वेगळा होता. आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर नावाची काउंटी, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा. तिथल्या एका छोट्या गावातला पब. कोपऱ्यात शेकोटी, बाहेर पाऊस, मधल्या टेबलाभोवती फिडल आणि बासरीवाले. सत्तरीतल्या एका आजोबांनी नुकतंच डोळे मिटून, एकाही वाद्याशिवाय, आयरिश भाषेतलं एक गाणं म्हटलं होतं. शेजारच्या माणसाने त्यांचा हात हातात धरला होता आणि गाण्याच्या लयीत तो हलके हलके फिरवत होता. ग्लास ठेवल्याचाही आवाज नाही. गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि आजोबांनी थेट माझ्याकडे बोट केलं.

याला तिकडे ‘नोबल कॉल’ म्हणतात. ज्याने आत्ता गायलं, त्याला पुढचं कोण गाणार हे ठरवायचा मान. आणि बोट दाखवलं की ‘नको हो, घसा बसलाय’ वगैरे चालत नाही.

पुढे काय झालं ते सांगते. पण आधी मी तिथे पोचले कशी ते ऐका.

की-चेनवाला बुटका

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने तीन महिन्यांसाठी डब्लिनला पाठवलं. ऑनसाइट! घरी पेढे वाटून झाले, थर्मल्सची खरेदी झाली, आईने मेतकूट आणि भाजणी बॅगेत कोंबली. आयर्लंडबद्दलची माझी माहिती काय होती? हिरवा रंग, बिअर आणि तो हिरव्या कोटातला बुटका, लेप्रकॉन. पहिल्याच वीकेंडला मी त्याच्या सहा की-चेन घेतल्या आणि सोमवारी मोठ्या कौतुकाने टीमला दाखवल्या.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी क्लेअरची. ती इतकी हसली की तिच्या कॉफीने कीबोर्डला आंघोळ घातली. तिचं म्हणणं, लेप्रकॉन हा मुळात चांभार. एकटा बसून बूट शिवणारा, खडूस आणि पैसे लपवून ठेवणारा. शिवाय जुन्या वर्णनांत त्याचा कोट लाल असतो. हिरवा कोट नंतर आला, आणि आता तर काय, तो टुरिस्टच्या खिशात गेलाय.

‘‘तुला खऱ्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दुकानात नको जाऊस. माझ्या घरी चल,’’ ती म्हणाली.

मी कॅलेंडर काढलं. ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार तिकडे सुट्टीचा असतो. तीन दिवसांचा वीकेंड! ठरलं.

सतरा मिनिटांचा सूर्य

पण क्लेअरच्या आधी मी एकटीच न्यूग्रेंजला जाऊन आले. डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या काठी गवताने झाकलेली एक मोठी गोल टेकडी आहे. टेकडी कसली, माणसांनी रचलेलं दगडी स्मारकच ते. इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराचं. गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनं! आत १९ मीटरची बोळकांडी. पोट आत घेऊन, खांदा तिरका करून जावं लागतं. (डाएटचं महत्त्व मला तिथे पटलं.) टोकाला एक उंच दालन. आम्ही सगळे आत उभे राहिलो आणि गाइडने दिवे घालवले. मिट्ट काळोख. मग एका बल्बचा उजेड दारातून जमिनीवरून सरपटत आमच्या पायांपर्यंत आला.

हा झाला डेमो. खरा खेळ २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवसांत होतो. दाराच्या वर एक चौकोनी झरोका आहे. उगवत्या सूर्याचा किरण त्यातून आत शिरतो, थेट शेवटच्या दालनापर्यंत पोचतो आणि साधारण सतरा मिनिटं राहतो. त्या सकाळी आत उभं राहायचं तर लॉटरीत नाव निघावं लागतं. आणि नाव निघालं तरी आभाळ स्वच्छ हवं. आयर्लंडमध्ये, डिसेंबरात!

मला खरी मजा वाटली ती पुढच्या गोष्टीत. पुरातत्त्वज्ञ मायकल ओकेली १९६२ पासून तिथे उत्खनन करत होते. आसपासचे लोक त्यांना सांगायचे, ‘कधीतरी वर्षात सूर्य पार आतल्या दगडापर्यंत येतो म्हणे.’ शिकल्यासवरल्या माणसाला वाटावं तसंच त्यांना वाटलं, की लोक इंग्लंडच्या स्टोनहेंजशी काहीतरी घोळ घालताहेत. पण त्यांनी ती गोष्ट झटकून टाकली नाही. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते आत जाऊन बसले. आणि सूर्य आला!

लोक जे ‘म्हणे, म्हणे’ करून सांगत होते ते खरं होतं. फक्त कोणीतरी जाऊन बघायला हवं होतं.

झाड आणि हायवे

शनिवारी सकाळी आम्ही गाडीने निघालो. गाड्या तिकडे आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे मला उगाचच घरच्यासारखं वाटत होतं. लिमरिक मागे पडलं आणि एनिसच्या अलीकडे मैत्रीण अचानक म्हणाली, ‘‘बघ, बघ, बघ!’’ मी बघेपर्यंत ते गेलंसुद्धा. हायवेच्या कडेला, कुंपणाच्या आत, एक खुरटं काटेरी झुडूप. एवढंच? एवढंच. पण त्याची गोष्ट ऐका.

हे लॅटूनचं ‘फेअरी बुश’. परी म्हटल्यावर आपल्याला पंख लावलेली, जादूची कांडी घेतलेली बाहुली आठवते. आयर्लंडमधल्या परी म्हणजे ‘शी’, टेकड्यांच्या पोटात राहणारी माणसं. जुन्या कथांमधले तुआहा दे दानन नावाचे देव माणसांकडून हरले आणि जमिनीखाली गेले, असं सांगतात. (बॅनशी हा शब्द ऐकलाय ना? त्याचा सरळ अर्थ ‘शी’ची बाई.) ही मंडळी मानी आहेत आणि पटकन रागावतात. त्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘ती भली माणसं’ म्हणायचं. माळावर एकट्या उभ्या असलेल्या हॉथॉर्नच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, कारण ते त्यांचं.

१९९९ मध्ये इथून नवा रस्ता जाणार होता आणि हे झुडूप बरोबर वाटेत येत होतं. एडी लेनिहन नावाचे गोष्टी सांगणारे आणि गोळा करणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, हे साधं झाड नव्हे. मन्स्टर प्रांताच्या परी कनॉट प्रांताच्या परींशी लढायला जातात तेव्हा इथे जमतात. ते तोडलंत तर या रस्त्यावरून जाणाऱ्यांचं भलं होणार नाही. त्यांनी पेपरला पत्र लिहिलं, बोभाटा केला, परदेशी पत्रकारांनीही ती बातमी उचलली. आणि काय आश्चर्य, काउंटीच्या इंजिनिअर मंडळींनी झुडूप जागेवर राहील अशा बेताने काम केलं. २००२ मध्ये कोणीतरी रात्रीतून करवतीने त्याच्या फांद्या उडवल्या. पण ते पुन्हा फुटलं.

मी मैत्रिणीला विचारलं, ‘‘तुझा विश्वास आहे यावर?’’

‘‘छे! अजिबात नाही.’’

‘‘मग तू तोडशील ते?’’

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की गाडी जरा हललीच. ‘‘वेडी आहेस का?’’

हे मला इतकं ओळखीचं वाटलं म्हणून सांगू! माझ्या आजीच्या गावी, मालवणच्या बाजूला, रस्त्याच्या वळणावर एक मोठा वड होता. त्यावर मुंजा आहे असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. भूतबित काही नसतं हे घरात सगळ्यांना मान्य, पण दिवेलागणीनंतर त्या वळणावर थांबायची हिंमत माझ्या फिजिक्समध्ये एमएस्सी केलेल्या काकालाही नव्हती. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला आणि वड गेला. मी तेव्हा पुण्यात डेडलाइनच्या मागे होते. काकाने फोटो पाठवला, मी रडका स्मायली पाठवला आणि विषय संपला.

त्या मुंजाची गोष्ट काय होती? तो कोण होता, तिथे का बसला होता? गाडीत बसून मी कितीतरी वेळ आठवत राहिले. नाहीच आठवली. लॅटूनच्या झुडपामागे त्याची गोष्ट छातीठोकपणे सांगणारा एक माणूस उभा राहिला. आमच्या वडामागे कोणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते.

पन्नास हजार मुलांचा होमवर्क

मैत्रिणीच्या घरी पोचलो. तिच्या आईवडिलांना नावाने हाक मारायची हे माझ्या जिभेला काही केल्या जमेना, म्हणून मी मनातल्या मनात काका-काकूच म्हणत होते. मालवणचं नाव ऐकताच काकांचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे आपल्या लिओच्या गावाकडची!’’ लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि मग डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या शेवटी ते तिथे येऊनही गेले. त्यामुळे सिंधुदुर्ग म्हटल्यावर ओळख द्यायला फार कष्ट पडले नाहीत.

चहाबरोबर बारमब्रॅक आला, बेदाणे घातलेला गोडसर पाव. हॅलोविनच्या दिवसांत यात अंगठी लपवतात. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्षभरात लग्न. निघाली कोणाच्या? माझ्या! हे आईला कळवलं असतं तर संध्याकाळपर्यंत दोन पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या असत्या.

आणि हो, हॅलोविन अमेरिकन नाही बरं का. त्याचं मूळ ‘साविन’ या जुन्या आयरिश सणात आहे. उन्हाळा संपून थंडीची सुरुवात. ३१ ऑक्टोबरच्या रात्री इकडच्या आणि तिकडच्या जगामधलं दार किलकिलं होतं, अशी समजूत. भोपळा अमेरिकेतला. आयर्लंडमध्ये टर्निप म्हणजे सलगम कोरून त्याचा चेहरा करायचे. मेयो काउंटीत कॅसलबारजवळ ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय म्युझियम आहे, तिथे अशा एका जुन्या सलगमाचा साचा ठेवलाय. इतका भेसूर आहे की भोपळा त्याच्यापुढे अगदी सोज्वळ वाटतो!

चहा झाल्यावर काकूंनी लॅपटॉप आणला. ‘‘हे बघ, माझ्या आईचा गृहपाठ.’’

स्क्रीनवर वहीचं एक पान. शाईच्या पेनाने काढलेलं वळणदार अक्षर. तारीख १९३८ ची. तेव्हा त्यांची आई बारा वर्षांची होती.

गोष्ट अशी. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडने १९३५ मध्ये लोककथा जमवण्यासाठी एक सरकारी आयोग नेमला. पगारी माणसं सायकलवर गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या गोष्टी उतरवून घेऊ लागली. पण एवढी गावं, एवढी माणसं, पुरे पडणार कसे? मग १९३७ ते १९३९ मध्ये एक झकास आयडिया राबवली. प्राथमिक शाळेतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना निबंधाऐवजी होमवर्क दिला : घरी जा आणि आजी-आजोबांना विचारून या. गावात लोहार कोण होता? कुठल्या विहिरीचं पाणी कशावर चालतं? पाऊस येणार हे कशावरून कळतं? गुप्तधन कुठे पुरलंय? तुम्ही कुठले खेळ खेळता? दुष्काळात इथे काय झालं?

तेव्हाच्या २६ काउंटींमधल्या सुमारे पाच हजार शाळा आणि पन्नास हजार मुलं! सगळं मिळून जवळजवळ ७ लाख ४० हजार पानं जमली. आज ती युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये जपलेली आहेत आणि ‘दूखस’ नावाच्या साइटवर कोणालाही बघता येतात. दूखस म्हणजे वारसा. आयोगाच्या संग्रहाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीतही जागा मिळाली.

काकूंच्या आईने लिहिलं होतं ते अगदी साधं. शेताच्या बांधावर एक दगड आहे, त्याच्या खळग्यात पावसाचं पाणी साठतं, ते लावलं की चामखीळ जाते. आणि खाली दुसरा परिच्छेद : नदीपलीकडे सात घरं होती, आता फक्त जोती उरलीत, दुष्काळात ती माणसं गेली. शेवटी लिहिलेलं, ‘हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं, वय ८४.’

मी गणित केलं. १९३८ मध्ये ८४, म्हणजे जन्म १८५४ चा. बटाट्याच्या पिकाला करपा लागून जो भयंकर दुष्काळ पडला तो १८४५ ते १८५२. म्हणजे त्या आजोबांच्या आईवडिलांनी तो डोळ्यांनी बघितलेला. साधारण दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये या बेटावर ८० लाखांहून जास्त लोक होते. आज उत्तर आयर्लंड धरूनही ७० लाखांच्या थोडेच वर आहेत. पावणेदोनशे वर्षं झाली, अजून ती संख्या भरून आलेली नाही.

आणि माणसांबरोबर भाषाही गेली. दुष्काळाचा मोठा फटका पश्चिमेला बसला, आणि आयरिश बोलणारे जास्त तिकडेच. बोटीत बसणाऱ्यांना इंग्रजी हवं होतं. शाळेत, कचेरीत, बाजारात इंग्रजी हवं होतं. २०२२ च्या जनगणनेत रिपब्लिकमधल्या १८ लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं सांगितलं, पण शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे निघाले जेमतेम ७२ हजार. मैत्रीण म्हणाली, ‘‘चौदा वर्षं शिकले मी. परीक्षेत मार्क पडले. पण पणजोबा ज्या भाषेत भांडायचे, त्या भाषेत मला धड भांडता येत नाही.’’

मी काही बोलले नाही. माझ्या आजीची मालवणी मला कळते. पण मी तिला उत्तर पुण्याच्या मराठीत देते आणि अर्धं वाक्य इंग्रजीत.

अजून एक गोष्ट काकूंनी सांगितली, ती डोक्यातून जात नाही. आयोगाची माणसं गोष्टी रेकॉर्ड करायला मेणाचे सिलिंडर वापरायची. मशीनवर आवाज टिपायचा, ऐकून कागदावर उतरवायचा. पण पैसे कमी, सिलिंडर महाग. मग उतरवून झालं की मेणाचा वरचा थर तासून तोच सिलिंडर पुन्हा वापरायचे. शब्द उरले. कितीतरी आवाज तासले गेले.

माझी पाळी

आणि त्याच संध्याकाळी पबमध्ये आजोबांचं बोट माझ्याकडे वळलं.

डोक्यात हिंदी गाण्यांची रांग लागली. पण त्या गाण्यानंतर सिनेमातलं काही म्हणावंसं वाटेना. मग आजी आठवली. पहाटे जात्यावर बसलेली, एक पाय लांब केलेला, पिठाचा वास. तिच्या ओव्या ऐकत मी पुन्हा झोपायचे. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ आली. दुसरीचा अर्धा भाग आला. आणि गाडी अडली ती अडलीच. मी तेवढंच पुन्हा म्हटलं. मग ‘ला ला’ केलं. मग हसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिकडची माणसं फार प्रेमळ आहेत. आजोबा मात्र वाकून म्हणाले, ‘‘सूर छान होता. बाकीचं कोणाकडे आहे?’’

‘‘आजीकडे,’’ मी म्हटलं.

‘‘आहे अजून?’’

‘‘आहे. सत्त्याऐंशीची.’’

‘‘मग तू अजून इथे काय करतेयस?’’ म्हणाले आणि फिडलवाल्याला त्यांनी खूण केली.

रविवारचा फोन

त्या रात्री तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, मी फोन लावला. काकूने आजीच्या कानाशी धरला. इकडे मी मैत्रिणीच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

‘‘कोण गो? बाय? जेवलंस?’’

जेवले म्हटलं. ओवीचं विचारलं.

‘‘आता खंयचा जाता आणि खंयची ओवी! तुका कित्याक व्हयी ती?’’

मला खरं कारण सांगता येईना. पबमध्ये फजिती झाली म्हणून, असं सत्त्याऐंशीच्या आजीला कसं सांगणार? म्हटलं, आजी, मला पाठ करायचीय. ती जराशी थांबली. मग गुणगुणायला लागली. आवाज पातळ झालाय, मध्ये दम लागतो. तिसऱ्या ओळीवर तीसुद्धा अडली. माझ्यासारखीच. मला धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर? पण मागून काकूने ती ओळ उचलली आणि आजीने पुढची. काकूला ओव्या येतात हे मला आजवर माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं ना.

मग मी वडाचं काढलं. ‘‘आजी, तो मुंजा कोण होता गं?’’

आजी चक्क हसली. ‘‘मुंजो खंयचो! तुझ्या पणजीन काढलेलो तो.’’

वडाच्या मागे एक जुनी विहीर होती, बिनकठड्याची. आजी लग्न होऊन त्या घरात आली त्याच्या आदल्या पावसाळ्यात वाडीतलं सहा वर्षांचं एक पोर त्यात पडून गेलं. पुरुषमाणसं कठडा बांधू, बांधू म्हणत राहिली. माझ्या पणजीने वाट नाही बघितली. तिने वडावर मुंजा बसवला आणि पोराबाळांना तिकडे फिरकणं बंद केलं. त्यानंतर त्या विहिरीत एकही मूल पडलं नाही, आजी म्हणाली. विहिरीला कठडा नव्हता, म्हणून मुंजा होता.

आता वड नाही, विहीरही रस्त्याखाली बुजली. त्या मुलाचं नाव आजीला आठवत होतं. तिने ते दोनदा सांगितलं. इथे छापत नाही, ते आमच्या वाडीचं आहे. पण इतकी वर्षं ते एकट्या आजीकडे होतं. आता माझ्याकडेही आहे.

चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत आणि शेवटी ‘फोन खंय बंद करतत?’ आहे. मी त्यातलं काहीही कापलेलं नाही.

परत आल्यावर कळलं की आपल्याकडेही हे काम झालंय, आणि केवढं! हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या आता लोकांपुढे आणतंय, कितीतरी गाणाऱ्या बायांच्या आवाजासकट. मी ऑफिसच्या बसमध्ये ऐकते. हिंजवडीचा ट्रॅफिक चक्क कमी वाटतो.

पण तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. तुमच्या वळणावरचा मुंजा तर नक्कीच नाही. तेव्हा मंडळी, हा घ्या होमवर्क. या रविवारी मॉलला जरा उशिरा जा. आजी, आजोबा, मावशी, वाडीतली एखादी म्हातारी, जे कोणी असेल त्यांना फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा. विश्वास ठेवायची अट नाही. मेण तासायचं नाही, सिलिंडर महाग नाही, खिशातल्या फोनमध्ये जागा आहे. नसली तर दहा सेल्फी डिलीट करा!

मी दिवाळीत गावी जाणार आहे. काकूच्या ओव्या बाकी आहेत.

जाणार असाल तर…

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, व्हिसाची चौकशी वेगळी करा. रिपब्लिकमध्ये युरो चालतो, उत्तर आयर्लंडमध्ये पौंड. न्यूग्रेंजला आत जायचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, ऐनवेळी मिळेलच असं नाही. राष्ट्रीय म्युझियमना तिकीट नाही. पबमध्ये संगीत चालू असेल तर वादकांच्या खुर्चीत बसू नका आणि गाणं चालू असताना गप्पा मारू नका. छत्री नको, वाऱ्यात उलटते, चांगलं जॅकेट घ्या. आणि निघण्यापूर्वी एक गाणं पूर्ण पाठ करून जा. शेवटच्या ओळीसकट!